रंगाऱ्याला जरा थांबवा

«नमस्कार. आम्ही नेरुळला पाम बीचच्या बाजूला राहतो. इमारत चार मजली, तीस वर्षांच्या आसपासची. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. दर पावसाळ्यात बेडरूममध्ये खिडकीखाली ओल येते, यंदा पोपडे हातभर वाढलेत. पॅसेजच्या छताला, बाथरूमच्या बाजूने, मोठा गोल डाग पडलाय. आतल्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी आहे. पॅसेजमधलं बटण दाबताना कधीकधी हाताला झिणझिण्या येतात. वरच्या काकांना सांगितलं तर ते म्हणतात, मे महिन्यात आम्ही तीन आठवडे गावाला होतो, तेव्हाही तुमचा डाग ओलाच होता, मग पाणी आमचं कसं? आता बोलणंच बंद झालंय. सोसायटी म्हणते, तुमचं तुम्ही आपसात मिटवा. सासूबाईंचा खोकला दोन महिने जात नाहीये. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. रंगारी म्हणतो, खरवडून, डॅम्प प्रूफ मारून आठ दिवसांत भिंती नव्या करून देतो. करून घेऊ का?»
एक वाचक, नेरुळ

ताई, रंगाचं नंतर बोलू. पॅसेजमधला तो बोर्ड आजच बंद करा. बटणाला झिणझिण्या येतात म्हणजे ओलीमुळे वीज जिथे यायला नको तिथे यायला लागली आहे. मेन बोर्डावर त्या पॅसेजचा एमसीबी (वीज तोडणारा छोटा स्विच) पाडून ठेवा, इलेक्ट्रिशियन बोर्ड उघडून बघेपर्यंत तो उचलू नका, आणि घरातल्या सगळ्यांना तसं बजावून सांगा. एमसीबी आहे म्हणजे शॉकची भीती नाही, असं अनेकजण धरून चालतात. एमसीबी पडतो तो जादा भार आला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर. माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळत नाही. त्यासाठी आरसीसीबी, म्हणजे असा गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच लागतो, घरासाठी ३० मिलिअँपिअरचा. तुमच्या घरात तो नसेल तर याच फेरीत बसवून घ्या, आणि अर्थिंगची वायर शाबूत आहे ना तेही तपासायला सांगा. या खर्चाला पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

सासूबाईंच्या खोकल्याचंही तसंच. ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे त्रास आणि दमा वाढण्याचा धोका जास्त असतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढून सांगितलं आहे. पण म्हणून खोकल्याचं सगळं खापर भिंतीवर फोडू नका. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर छाती आणि थुंकी तपासून घ्यायची असते, आणि त्यांना तर दोन महिने झाले. या आठवड्यात डॉक्टरांकडे न्याच. तोवर त्यांची झोपायची जागा त्या कपाटाच्या खोलीत असेल तर ती बदला.

आता भिंतींकडे येतो. तुम्ही सगळं एका दमात सांगितलंय, जणू घराला एकच ओल लागली आहे. मला पत्रात तीन वेगळी पाणी दिसतात. खिडकीखालचं पावसाचं, पॅसेजमधलं नळाचं किंवा सांडपाण्याचं, आणि कपाटामागचं हवेतलं. तिन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि खर्च कोणी करायचा तेही वेगळं. रंगारी तिन्ही ठिकाणी एकाच डब्यातलं फासणार आहे, म्हणून मी त्याला थांबवायला सांगतोय.

ओल्या भिंतीवर रंग का टिकत नाही ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढे कोणीही आलं तरी तुम्हाला उत्तर देता येईल. वीट, वाळू, सिमेंट यांच्यात विरघळणारे क्षार असतातच. भिंतीतून बाहेर येणारं पाणी ते क्षार बरोबर आणतं, आणि पृष्ठभागाशी पाणी उडून गेलं की क्षारांचे बारीक स्फटिक मागे राहतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. भिंतीवर प्लास्टिक पेंटचा चिवट थर असेल तर हे स्फटिक त्याच्या पाठीमागे वाढतात आणि थराला ढकलतात. आधी फुगे येतात, मग पोपडे सुटतात. डॅम्प प्रूफ रंग मुळात वाईट नाही, पण तो पाणी येतं त्या बाजूने, म्हणजे बाहेरून लावायचा असतो. आतून लावला की पाणी भिंतीतच कोंडतं आणि अडवलेल्या जागेच्या बाजूला हातभर सरकून फुटतं. तुमचे पोपडे दर वर्षी पसरत चाललेत, त्यामागे आधीचे असेच थर असावेत असं मला वाटतं.

माझं लहानपण ठाण्यात कौलारू घरात गेलं. तिथे ओल जमिनीतून वर चढायची, जोत्यापासून पार कमरेपर्यंत. वडील दर दिवाळीआधी चुना मारायचे. चुन्याने ओल थांबायची नाही, पण चुन्याच्या थरातून भिंत वाळायची, तिचा श्वास बंद व्हायचा नाही. पुढे कळव्याला मी स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा मला हे आठवायला हवं होतं. गणपतीच्या तोंडावर मी घाईघाईत ओल्या भिंतीवर पुट्टी आणि महागातला रंग लावून घेतला. दसऱ्यापर्यंत भिंत फुगली, आणि पुढच्या जानेवारीत प्लास्टरसकट सगळं उतरवावं लागलं. दोनदा पैसे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून एवढं सविस्तर सांगतोय.

तर पहिलं पाणी, खिडकीखालचं. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. मान्सूनचा वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा, त्यामुळे खाडीकडे तोंड असलेल्या भिंतीवर पाऊस तिरका येऊन आपटतो. जोराचा पाऊस झाल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी डाग गडद होत असेल आणि चार दिवस उघडीप मिळाली की फिका पडत असेल, तर ते बाहेरून येणारं पाणी आहे यात शंका ठेवू नका.

ते शिरतं कुठून? बहुतेकदा खिडकीच्या आसपासूनच. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात, पाणी निघून जावं म्हणून. धुळीने आणि मागच्या रंगकामाने ती बुजतात. मग ट्रॅक पन्हळीसारखा भरतो आणि पाणी आत भिंतीत उतरतं. तारेने ती भोकं मोकळी करा आणि तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओतून बघा. ते बाहेरच पडलं पाहिजे. खिडकीच्या पाटाला बाहेर उतार आहे की आत, हे त्याच पाण्याने कळेल. ग्रिलमध्ये कुंड्या असतील तर पावसाळ्यापुरत्या काढा, त्यांचं पाणी रोज त्याच भिंतीला लागतं. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक आतून पुट्टीने बुजवलेलं आणि बाहेरून उघडं, असंही मी फार घरांत पाहिलं आहे. शिवाय बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे आडवी भेग असते. काँक्रीट आणि वीट उन्हात सारखी फुगत नाहीत, म्हणून दोन्हींच्या मधला सांधा सुटतो. बाहेर रस्त्यावर उभं राहून मोबाइलने मोठा करून फोटो काढा. भेग दिसेल, कुठे पिंपळाचं रोप उगवलेलं असेल तर तेही दिसेल. ते नुसतं वरून छाटू नका, मुळं आत भेग रुंदावत राहतात.

खिडकीचे ट्रॅक, एसीचं भोक हे तुमचं काम. बाहेरचं प्लास्टर, भेगा, छज्जा, पावसाळी पाइप हे सोसायटीचं. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांमध्ये, सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे, आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती तसंच बाहेरच्या सामाईक पाण्याच्या व सांडपाण्याच्या पाइपमुळे होणारी गळती त्यात शब्दशः आहे. तेव्हा ‘आपसात मिटवा’ हे उत्तर निदान खिडकीखालच्या ओलीला लागू नाही. पावसाने तुमचं कोणाशी भांडण लावलेलं नाही, त्यात दुसरा पक्षच नाही.

दुसरं पाणी जास्त अवघड आहे, पॅसेजच्या छताचं. तिथे आज एक काम करा. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा आणि रेघेवर तारीख घाला. दर रविवारी बघा. डाग बाहेर सरकला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. सोबत वहीत दोन शब्द लिहा: त्या आठवड्यात पाऊस किती होता, वर कोणी राहत होतं का, पाणी किती वेळ येत होतं. पाऊस नसतानाही डाग वाढला तर पाणी पाइपचं किंवा बाथरूमचं. सतत सारखाच ओला राहिला तर दाबाखालची नळाची लाइन संशयास्पद. सकाळच्या आंघोळीनंतर थेंब धरत असतील आणि रात्री थांबत असतील, तर सांडपाणी. चाळीस वर्षं साइटवर काढल्यावरही ही वही मला महागड्या यंत्रापेक्षा भरवशाची वाटते.

त्याच वेळी छताकडे नीट बघा. डागात सरळ रेषेत तपकिरी पट्टे दिसतात का? झाडूच्या दांड्याने हलकं ठोकल्यावर पोकळ वाजतं का? काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळई गंजापासून वाचते, पण वर्षानुवर्षं पाणी मुरलं आणि त्यात खाडीच्या हवेतलं मीठ आलं की ते कवच जातं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचा काँक्रीटचा थर उडवून लावतो. असं काही दिसलं तर त्या जागेखाली बसणं-झोपणं बंद करा आणि प्लंबरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गंजलेल्या सळईवर नुसतं सिमेंट थापून देणाऱ्याला काम देऊ नका. गंज घासून, सळईला लेप देऊन, पॉलिमर मॉर्टरने भरायचं असतं. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमच्या सोसायटीचा शेवटचा अहवाल सेक्रेटरींकडे मागा. तुम्ही सभासद आहात, मागू शकता.

सळया शाबूत असतील तर मग पाणी शोधायचं. जुन्या इमारतींत बाथरूमची लादी आणि खालचा स्लॅब यांच्यामध्ये साधारण फूटभर खोल जागा असते, तिला सन्क म्हणतात. ती विटांच्या तुकड्यांनी आणि कोब्याने भरलेली असते. लादीच्या सांध्यातून किंवा नानी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीच्या, कडेने थोडं थोडं पाणी उतरत राहिलं की तो भराव स्पंजसारखा भिजतो, आणि वरचा वापर थांबला तरी आठवडेच्या आठवडे पाझरत राहतो. वरच्या काकांचा मे महिन्याचा मुद्दा म्हणून खोटा नाही, पण त्याने निकालही लागत नाही. शिवाय बाथरूममागच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून, जाणारे बिडाचे पाइप चौथ्या मजल्याचंही सांडपाणी नेतात. तिसरा मजला बंद असला तरी त्यांच्यातून पाणी वाहतच होतं. तिथला सांधा गळत असेल तर खर्च सोसायटीचा; काकांचाही नाही आणि तुमचाही नाही.

म्हणून फोडाफोड शेवटी ठेवा. आधी डक्ट उघडून बॅटरीच्या उजेडात पाइपांचे सांधे बघायला सांगा. मग वरच्या बाथरूममध्ये नानी ट्रॅप बुजवून दोन इंच पाणी भरा, त्यात खायचा रंग मिसळा, पातळीशी खूण करा आणि चोवीस तास ठेवा. खाली रंग उतरला तर लादी किंवा ट्रॅप. न उतरला आणि पातळीही हलली नाही तर नळाची लाइन. प्लंबरकडे प्रेशर टेस्टचा पंप असतो, दाब देऊन काटा खाली येतो का ते बघतात. लादीचे सांधे दोषी निघाले तरी लगेच बाथरूम फोडायची गरज नसते. जुना सिमेंटचा भराव खरवडून इपॉक्सीने सांधे आणि ट्रॅपची कड भरली की अनेकदा काम भागतं. नाहीच भागलं तर लादी काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागेल, आणि तसं केलंत तर लादी बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून परीक्षा घ्यायचीच, कंत्राटदाराने कितीही वर्षांची गॅरंटी लिहून दिली तरी. फक्त खालून इंजेक्शन मारून, म्हणजे स्लॅबमध्ये रसायन भरून, छत कोरडं करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. वरून येणारं पाणी तसंच राहतं, स्लॅबची सळई भिजत राहते, आणि डाग दुसरीकडे निघतो.

तिसरं पाणी तुमच्याच हातातलं आहे. कपाटामागची भिंत बाहेरची आहे की आतली, ते तुम्ही लिहिलं नाही. एक वीतभर अॅल्युमिनियम फॉइल भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का लावा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला असतील तर ओलावा हवेतला, भिंतीकडच्या बाजूला असतील तर भिंतीतला. मला हवेतला वाटतो. पावसाळ्यात घरात दोरीवर वाळणारे कपडे, स्वयंपाकाची वाफ, बंद खिडक्या, आणि भिंतीला चिकटलेलं कपाट. मागे हवा खेळत नाही, तिथे बुरशी धरते. कपाट चार बोटं पुढे ओढा. कपडे एकाच खोलीत पंख्याखाली, दार लावून आणि खिडकी किलकिली ठेवून वाळवा. एसी असेल तर ड्राय मोडवर तासभर चालवा. डांबरगोळ्या आणि कापूर वास दाबतात, बुरशी मारत नाहीत. बुरशी कोरडी झाडू नका, ती हवेत उडते. मास्क आणि हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसा, फडकं टाकून द्या. ब्लीच वापरलंत तर पातळ करून, खिडकी उघडी ठेवून, आणि ते संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हे काम सासूबाई घरात नसताना करा.

गणपतीचं म्हणाल तर बाप्पाला कोरडी भिंत द्या. मखर हॉलमध्ये किंवा आतल्या बाजूच्या भिंतीला मांडा. खिडकीखालचे सुटलेले पोपडे खरवडून काढा आणि भिंत तशीच उघडी राहू द्या. दिसायला बरी दिसणार नाही, मला कळतं, पाहुणे येणार. पण उघडी भिंत ऑक्टोबरच्या उन्हात वाळेल, झाकलेली वाळणार नाही. बाहेरची दुरुस्ती नोव्हेंबरपासून करायची, भेग कापून, सांध्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावून, प्लास्टर करून. नवं प्लास्टर सात दिवस पाणी मारून मुरवायचं आणि पुढे निदान महिनाभर वाळू द्यायचं. म्हणजे रंग जानेवारीत. रंगाऱ्याला आगाऊ पैसे दिले नसतील तर तसंच सांगा, चांगला कारागीर असेल तर समजून घेईल.

सोसायटीला मात्र आत्ताच लिहा, जानेवारीची वाट बघू नका. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते, आणि मोठ्या दुरुस्तीचा खर्च तिथेच मंजूर होतो. तुमचं पत्र विषयपत्रिका निघण्याआधी पोचलं पाहिजे. एक पानी लिहा. बाहेरच्या भेगांचे फोटो, डागाच्या तारखा, डक्ट उघडून बघण्याची मागणी, ऑडिट अहवालाची प्रत. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. समितीला पूर्वसूचना देऊन कुठल्याही सभासदाच्या घरात दुरुस्तीच्या कारणाने पाहणी करता येते, तेव्हा वरच्या बाथरूमची परीक्षा समितीच्या उपस्थितीत ठेवा. त्याने तुमच्यावरचं आणि काकांवरचंही दडपण कमी होईल. उपनिबंधक, सहकार न्यायालय हे मार्ग आहेत, पण त्यांत वर्षं जातात आणि स्लॅब तोवर भिजतच राहतो.

उरलं ते बंद झालेलं बोलणं. काकांकडे तक्रार घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. तुमच्या गळतीमुळे आमचं छत गेलं, असं म्हटलं की समोरचा माणूस स्वतःला वाचवायला लागतो. त्याऐवजी त्यांना खाली बोलवा, पेन्सिलच्या रेघा दाखवा, आणि सांगा की पाणी कदाचित तुमचं नसेलही, डक्टचं असू शकतं, ते आपण दोघं मिळून सोसायटीकडून तपासून घेऊ. त्यांच्याही बाथरूमची सळई त्याच पाण्यात भिजते आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसावं. आरतीला बोलवायचं निमित्त आहेच.

आणि बोलता बोलता एवढं विचारून घ्या: मे महिन्यात गावाला जाताना त्यांनी आतला मेन कॉक बंद केला होता का? केला नसेल, तर तीन आठवडे त्यांच्या लाइनमध्ये दाब होता, मग प्रेशर टेस्ट सगळ्यात आधी. केला असेल, तर प्लंबरला घेऊन थेट डक्टपाशी जा.